सपाट गावातली सरकारी टेकडी

सायकलमार्ग गावातून जाणार ही बातमी शिंपिणीला तिच्या नवऱ्याने तोंडाने सांगितली नाही. त्याने तिच्या गळ्यातली मोजपट्टी काढून घेतली आणि तिच्याच शिवणाच्या खोलीची लांबी-रुंदी मोजायला लागला, तेव्हा तिला ती कळली.

ती शाळेच्या शिपायाच्या कोटाला अस्तर लावत होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून विचारायला जरा वेळ लागला. तेवढ्यात नवऱ्याने दोन खाटा कुठे बसतील, आरसा कुठे लटकेल, पाहुण्यांचे घामट कपडे वाळवायची दोरी कुठून कुठे जाईल, हे सगळं ठरवूनही टाकलं. नवरा पालिकेत कारकून. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःच्या डोक्याने एकही निर्णय घेतला नव्हता. लग्नसुद्धा आईने ठरवलं म्हणून झालं. पण पालिकेने सायकलमार्ग समिती नेमली, अध्यक्षांनी याला तिचा चिटणीस केलं, आणि गृहस्थ एका आठवड्यात वेगळाच चालायला लागला. गबाळ्या माणसाला पद मिळालं की त्याला पहिल्यांदा आपलं घर अपुरं वाटायला लागतं.

घर होतंच केवढं. खाली पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे जिना. वर एक झोपायची खोली, तिची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीत नाक खुपसून बसलेली. चांगली म्हणावी अशी एकच खिडकी, ती पुढच्या खोलीची. समोर बांधावरचा रस्ता, त्याच्यापलीकडे पालिकेची मोकळी जागा, मग नदी. मधे आडवं काही नाही, त्यामुळे उजेड सकाळी आत यायचा तो दिवेलागणीपर्यंत हलायचा नाही. शिंपिणीचं सगळं बस्तान त्या खिडकीवर होतं. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा, काजाचे टाके एकाला एक लागून बसवायचे, रेघेला रेघ जुळवायची, तर दिव्याच्या उजेडात ते होत नाही. दिवा सावली पाडतो आणि सावलीत टाका खोटं बोलतो. हे तिने नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि त्याने मान हलवली होती. मान तो कचेरीतही हलवायचा.

टाचण्या काढून तिने विचारलं, तर त्याने समजावून सांगितलं. नदीकाठचा हा सगळा सपाट मुलूख आता सायकलवाल्यांसाठी खुला होणार, वरच्या शहरापासून खालच्या शहरापर्यंत बांधाबांधाने रस्ता, लांबलांबची माणसं आठवडाभर सायकल हाकत येणार, त्यांना मुक्कामाला घरगुती खोल्या लागणार, आणि नदी दिसणारी खोली गावात आपलीच.

शिंपीण म्हणाली, नदी तर त्यांना दिवसभर रस्त्यावरून दिसणारच आहे.

"झोपूनसुद्धा दिसली पाहिजे," नवरा म्हणाला. हे समितीत ठरलं होतं.

सासू स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "अरे, तुला स्वतःला सायकल येत नाही." ते खरं होतं. लहानपणी तो एकदा पडला होता, त्यानंतर त्याने आयुष्यात तोल जाईल असं काहीच केलं नाही. त्याने आईचं बोलणं ऐकलं नाही असं दाखवलं आणि मशीन जिन्याखाली हलवलं. हंगामापुरतंच, असं म्हणाला. वर तिच्याकडूनच पाहुण्यांच्या खाटांना चादरी आणि खिडकीला पडदे शिवून घेतले. शिंपिणीने पडदे शिवले. ज्या खिडकीच्या उजेडात चांगलं शिवता आलं असतं, त्याच खिडकीचे पडदे तिने जिन्याखाली, बल्बखाली, मान वाकडी करून शिवले. माणसाला त्याच्याच हाताने बाहेर काढायची ही रीत कचेऱ्यांना फार छान जमते.

समितीचा थाट बघण्यासारखा होता. मार्गाची माहितीपत्रिका नवऱ्यानेच लिहिली. सपाट जमिनीचं वर्णन करायला घेतलं की माणसाची पंचाईत होते, कारण तिथे काहीच नसतं. गवत, पाणी, बांध, पुन्हा गवत. पण कारकून हरला नाही. त्याने पाण्याला निवांत म्हटलं, गवताला निवांत म्हटलं, गाईंनाही निवांत म्हटलं, आणि पहिल्याच पानावर जाड अक्षरात छापलं: या मार्गावर एकही चढ नाही. गावाला स्वतःचा अभिमान वाटावा असं त्यात काय होतं कोण जाणे, पण वाटला खरा. पिढ्यानपिढ्या ज्या सपाटपणाला लोक कंटाळले होते, तो छापून आल्यावर त्यांना तो आवडायला लागला.

बाण रंगवायचं काम अध्यक्षांच्या साडूला मिळालं. साडू कंत्राटदार. त्याने खांबांच्या एकाच बाजूला बाण रंगवले, पैसे दोन्ही बाजूंचे घेतले. त्यामुळे मार्ग एकाच दिशेचा झाला, वरून खाली, प्रवाहाच्या दिशेने. आमच्याकडे वाराही त्याच दिशेने वाहतो, हे समितीतल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाऱ्याचा ठराव मांडलेला नव्हता.

उद्घाटनाला अध्यक्ष स्वतः सायकलवर बसले. एका बाजूने साडूने धरलं, दुसऱ्या बाजूने कारकुनाने. फोटो येईपर्यंत ते दोन हात पुढे गेले आणि तेवढ्यात घामाघूम झाले. मग सगळे चहा प्यायला गेले.

सायकलवाले आले. तशी तक्रार करायला जागा नव्हती. डोक्यावर टोपलीसारखी शिरस्त्राणं, घट्ट चड्ड्या, मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी पिशव्या, हँडलला अडकवलेला नकाशा. एका मागोमाग एक, बदकांची रांग चालावी तसे. न्हाव्याने दुकानाबाहेर थंड पाण्याचा माठ ठेवला होता. परटाने पाटी लावली होती की कपडे तासाभरात धुऊन, वाळवून मिळतील. कारकून दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभा. आणि सायकलवाले घंटी वाजवत, हात हलवत, हसत, सर्रकन निघून जायचे. न्हाव्याने पाण्याचा पेला उचलेपर्यंत पाठ दिसायची, आणि परटाची पाटी त्यांच्यातल्या कुणी पूर्ण वाचली असेल असं वाटत नाही. कारण रस्ता आरशासारखा केलेला, पाठीवर वारा, चढ नाही. मग थांबायचं कशासाठी.

खोली कोरी राहिली. खाटांवरच्या चादरींना घडी पडली ती मोडलीच नाही. रोज संध्याकाळी कारकून जाऊन ती हाताने सारखी करायचा.

इकडे जिन्याखाली शिंपीण आंधळी व्हायला लागली होती. सुई ओवताना दोरा दोनदा चुकला तर माणूस हसून सोडून देतो. दहादा चुकला की त्याला स्वतःची भीती वाटते. वकीलबाईंनी काळा कोट शिवायला टाकला होता, नव्या कापडाचा, घाईचा. तिने तो वेळेत दिला. दुसऱ्या दिवशी वकीलबाई तो हातावर टाकून परत आल्या आणि तिला अंगणात उन्हात घेऊन गेल्या. तिथे कॉलर उलटी केली. काळ्या कॉलरवर गडद निळा दोरा चालवलेला होता, इकडून तिकडे, उन्हात दोरीवर वाळत घातल्यासारखा स्पष्ट. बल्बखाली दोन्ही रिळं सारखीच दिसली होती. वकीलबाई सभ्य होत्या. म्हणाल्या, राहू दे, आत्ता घाई आहे, तालुक्याहून करून घेते. त्या गेल्यावर शिंपिणीला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर शाळेच्या मुख्याध्यापकांनी गणवेशांचं काम दुसरीकडे दिलं. मग डॉक्टरांच्या बायकोने. गावात अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. गिऱ्हाईक फक्त रस्त्याच्या पलीकडून जायला लागतं.

तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितलं की खोली रिकामी आहे, मला परत द्या, नाहीतर माझा धंदा बसतोय. तो म्हणाला, अगं, बैठकीत विषय घेतो. स्वतःच्या बायकोला स्वतःच्या घरातली खोली देण्याचा विषय बैठकीत घेणारा नवरा तिच्या नशिबी होता. सासू म्हणाली, त्याला जन्म दिला तेव्हा तरी कुणाची परवानगी घेतली नव्हती.

मग एक सायकलवाला थांबला. स्वखुशीने नव्हे, त्याच्या चाकात काच शिरली होती. तो नेमका यांच्याच पायरीवर बसून ट्यूब काढायला लागला आणि पाच मिनिटांत अख्खी समिती त्याच्याभोवती जमली. इतक्या जवळून सायकलवाला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही लोक आमच्याकडे थांबत का नाही. तो बिचारा ठिगळाला डिंक लावत होता. मोकळेपणाने म्हणाला, थांबून करू काय. बाण इकडून तिकडे, वारा पाठीवर, गाव दिसेपर्यंत मागे पडतं. आणि बघायला तरी काय आहे, सगळं एका पातळीवर, वेताच्या झाडीमुळे नदीचं वळणसुद्धा दिसत नाही. जरा उंचावर उभं राहता आलं असतं तर गोष्ट वेगळी. कारकुनाने त्याला खोली दाखवली. त्याने दारातूनच छान आहे म्हटलं, चाक बसवलं आणि गेला. मुक्काम त्याचा खालच्या शहरात ठरलेला होता.

त्या माणसाने बाण सांगितले, वारा सांगितला, वेताची झाडी सांगितली. समितीने ऐकलं एवढंच की उंची पाहिजे. बाण दुसऱ्या बाजूने रंगवायचे तर साडूने पहिल्यांदा काय केलं ते निघालं असतं. वेत कापायला बिल किती होणार. टेकडीचं मात्र बिल होतं, आणि चांगलं होतं. गावाला टेकडी नाही, गावाने टेकडी उभी करावी, असा ठराव एकमताने झाला. साडूने त्याच संध्याकाळी मातीचा दर सांगितला.

जागा ठरली पालिकेची, बांधापलीकडची मोकळी, म्हणजे शिंपिणीच्या खिडकीच्या थेट समोरची. कारकून घरी आला तो फुलून आला. सबंध मुलखात एकच टेकडी, आणि ती आपल्या दारात.

साडूने नदीकाठचीच माती उकरली आणि तिथेच चार पावलांवर रचली. खड्ड्यात पाणी साचलं, त्याला समितीने तळं म्हटलं. ढीग रोज वाढत गेला. शिंपीण पुढच्या खोलीच्या दारात उभी राहून बघायची. पहिल्या आठवड्यात नदी गेली, मग पलीकडचा काठ, मग आभाळाचा खालचा पदर. शेवटी खिडकीत नुसता मातीचा उतार उरला, त्यावर हिरवळ लावली, आणि खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागला. आता ती खोली पाहुण्यांच्या कामाची नव्हती आणि शिंपिणीच्याही कामाची नव्हती. जगात दुसऱ्या कुणाला इतक्या मेहनतीने एकच गोष्ट दोघांकडूनही काढून घेता आली नसती.

टेकडीवर दर्शनगृह बांधलं. चारी बाजूंना काच, वर पत्रा, आत एक लांब टेबल, बाकडं आणि माहितीपत्रिकांचा गठ्ठा. कुलपाची किल्ली चिटणीस म्हणून कारकुनाकडे, ती दाराच्या खिळ्याला लटकायची. उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्ष वर चढले, धापा टाकत म्हणाले की इथून डोळ्यांचं पारणं फिटतं, आणि लगेच उतरले. पुढचे काही दिवस गावातली पोरं घसरगुंडी करायला गेली. मग तीही कंटाळली.

सायकलवाले टेकडीकडे बघायचे आणि वेग वाढवायचे. ज्या मार्गावर एकही चढ नाही असं छापलं होतं, त्या मार्गावर यायला नेमके तेच लोक निघाले होते ज्यांना चढ नको होता. गुडघे गेलेले, पोट सुटलेले, लहान पोरं मागे बसवलेले. त्यांना दिवसभरात दिसलेला एकमेव चढ या गावात होता. कुणी म्हटलं असेल, बघा, हाच तो, आणि सगळे हसून पुढे गेले.

त्या रात्री जेवताना कारकून म्हणाला, खोलीचं नाव आता टेकडीदर्शन ठेवू या. शिंपिणीने घास खाली ठेवला. ती ओरडली नाही. म्हणाली, "खिडकी तुम्ही बुजवलीत. उजेड होता तो आता तिकडं वर गेलाय. उद्यापासून मीही जाते."

त्याला वाटलं, बायको त्रागा करतेय. बायका त्रागा करतात आणि सकाळी चहा करतात, असं त्याचं संसाराचं एकूण ज्ञान.

सकाळी चहा सासूने केला. शिंपिणीने परटाची हातगाडी आणवली होती. मशीनचं डोकं वेगळं केलं, स्टँड वेगळं, कात्र्या, रिळांची पेटी, इस्त्री, अर्धवट कपड्यांचं गाठोडं. परीट आणि ती दोघांनी ते उतारावरून ओढत वर नेलं. किल्ली तिने खिळ्यावरून घेतली. कारकून कचेरीत गेलेला होता. दुपारपर्यंत दर्शनगृहातल्या लांब टेबलावर कापड पसरलेलं होतं, आणि असं टेबल तिला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. चारी बाजूंनी उजेड. तिने काळा दोरा हातात धरला, सुई धरली, आणि ओवला. एका झटक्यात गेला. ती तिथे बाकड्यावर बसून थोडी रडली, मग डोळे पुसून कामाला लागली.

बातमी कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. आधी नवरा आला, म्हणाला, लोक काय म्हणतील. तिने विचारलं, कुठले लोक. तो उत्तर शोधत खाली गेला आणि अध्यक्षांना घेऊन आला. अध्यक्षांना वर यायला एवढा वेळ लागला की तोवर तिची एक बाही लावून झाली.

"बाई, ही सरकारी मालमत्ता आहे," अध्यक्ष म्हणाले. पुढचं वाक्य धापेत गेलं.

"मग काढा मला," शिंपीण म्हणाली. "फक्त कारण काय लिहिणार ते सांगा. इथं माणसं येतात आणि मी आड येते, असं लिहिणार? की इथं काळं कुत्रं येत नाही, म्हणून मी येऊन बसले?"

अध्यक्ष काचेबाहेर बघायला लागले. अडचण अशी होती की दर्शनगृहात रोज किती पर्यटक येतात याचा अहवाल दर महिन्याला वर जायचा. तो कारकून लिहायचा. त्याने आत्तापर्यंत बरेच पर्यटक लिहिले होते. तिला हटवायचं तर चौकशी होणार, चौकशी म्हणजे कुणीतरी वरून येणार, आणि वरून आलेल्या माणसाला रिकामी काच दाखवावी लागणार.

तेवढ्यात शाळेचा शिपाई उतार चढून आला. परटाने त्याला सांगितलं होतं की बाईंचे डोळे परत आले. त्याने शर्टाचं कापड टेबलावर टाकलं आणि माप द्यायला हात पसरून उभा राहिला.

"हा कोण?" अध्यक्षांनी कारकुनाला हळूच विचारलं.

"गिऱ्हाईक."

"चढून आला ना?"

"चढूनच आला."

अध्यक्षांनी शिपायाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहून ठेव. एक."

त्या दिवसापासून शिंपिणीची गिऱ्हाइकं पर्यटक झाली. त्यांना ते माहीत नव्हतं. डॉक्टरांची बायको परत आली, मुख्याध्यापक परत आले, लग्न ठरलेली एक पोरगी आईला, आत्याला, दोन मावश्यांना घेऊन आली. त्या दिवशी मार्गाने उच्चांक गाठला. काही सायकलवालेही थांबायला लागले, कारण घट्ट चड्डीची शिवण दिवसभर खोगिरावर घासली की कधीतरी दगा देतेच. ते शर्ट कमरेला बांधून, कावरेबावरे होऊन उतार चढायचे. शिंपीण त्यांना पडद्यामागे बसवायची, दुहेरी टीप घालून द्यायची, आणि ते नदीचं वळण न बघताच जायचे. पण जायच्या आधी परटाकडे कपडे टाकायचे आणि न्हाव्याकडे पाणी प्यायचे, एवढं मात्र झालं.

शेवटी वरचे साहेब आलेच. अहवाल वाचून आले. गाडी बांधावर थांबली तेव्हा टेकडीवर माणसांची रांग होती, आणि रांगेच्या टोकाला एक जण दोन्ही हात पसरून, मान ताठ करून, श्वास रोखून उभा होता. साहेब खालूनच भारावले. म्हणाले, लोक निसर्ग कसा अंगावर घेताहेत बघा. अध्यक्षांनी होय म्हटलं. कारकुनाने मान हलवली. साहेब वर गेले नाहीत, त्यांना दुसरीकडे पोचायचं होतं. पण महिन्याभरात आदेश निघाला की नदीकाठच्या प्रत्येक गावाने एक टेकडी उभारावी, वर काचेचं घर बांधावं, आणि त्यात एक शिंपी बसवावा. साडूला माती कमी पडायला लागली.

आता त्या सपाट मुलखात बांधाबांधाला ढिगारे आहेत, आणि सायकलवाले पलीकडच्या काठाने जातात असं ऐकतो. ते असो.

आदेश आला त्या संध्याकाळी कारकून तो हातात धरून वर चढला. आदेशात शिंपिणीची नेमणूक होती: दहा ते पाच, गणवेश पालिकेचा, पर्यटकांशी सौजन्याने बोलावं. तो त्याने सावधान उभं राहून वाचून दाखवला. बायकोला सरकारी पद मिळालं याहून मोठं सुख त्याच्या कल्पनेत नव्हतं. ती मशीन थांबवून ऐकत राहिली.

"नेमणूक नको," ती म्हणाली. "कुणी नेमलं की कुणीतरी काढतं. किल्ली माझ्याकडे राहू द्या, बाकी तुमच्या अहवालात हवं ते लिहा."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. तो खाली जाईना. खाली घर अंधारं होतं, पाहुण्यांची खोली अंधारी होती, आणि त्या खोलीत रोज संध्याकाळी जाऊन चादर सारखी करायचा त्याला आता कंटाळा आला होता. दारात उभा राहून तो म्हणाला, "मी जरा इथं बसू का?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग गाठोड्यातून एक जुना पायजमा काढून त्याच्या अंगावर टाकला आणि शिवण उसवायची छोटी कात्री दिली. कापड फाडू नका, टाका टाका सोडवा, म्हणाली. उसवायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, आणि तेवढी कारकुनाकडे होती. तो बाकड्याच्या कडेला बसला, पायजमा काचेजवळ धरला आणि पहिला टाका शोधायला लागला.